एकाच वणाचे दोन न्याय

सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. इथल्या तालमीत एखाद्या पोराचं अंग झपाट्यानं भरलं की खांद्यावर, काखेजवळ ताणाचे वण उमटतात. त्यावर कुणी नाक मुरडत नाही. पोरानं अंग कमावलं, एवढंच म्हणतात. तेच वण बाळंतिणीच्या पोटावर दिसले, की अंग चोळायला आलेली बाईसुद्धा म्हणते, “पोट लईच फाटलंय गं!” मग लेसरची चौकशी सुरू होते.

कातडीला हा भेद ठाऊक नाही. शरीर वेगानं वाढलं की तिच्या आतल्या थरातले कोलॅजेन आणि इलास्टिनचे तंतू तुटतात. बाळंतपणात त्याला संप्रेरकांची जोड मिळते. वण आधी लालसर, मग पांढुरके होतात. ५९५ नॅनोमीटरचा लेसर रक्तातल्या हिमोग्लोबिनवर काम करतो, म्हणून त्याचा उपयोग ताज्या, लाल वणांना. जुन्या पांढऱ्या वणांचा रंग ३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर प्रकाशानं काहीसा परततो, पण टिकवायचा तर पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात. वण समूळ पुसणारा प्रकाश अजून कुणाकडे नाही. शिवाय आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. मात्रा चुकली तर वण राहतोच, वर काळा डाग पडतो.

आणि पुष्कळसे लाल वण वर्षा-दोन वर्षांत आपसूक फिकट होतात. तेवढ्यात उपचार उरकले, तर काळाचं श्रेय यंत्राला आणि बिल बाईला!

स्वतःच्या मर्जीनं, सगळं समजून कुणी उपचार घेत असेल, तर त्यात वावगं काहीच नाही. पण आधी घरच्यांनी टोमणे मारून लाज पेरायची, मग ‘वण गायब’ अशा जाहिरातीनं तिचं पीक काढायचं, ही मर्जी नव्हे. जायचंच असेल तर पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. किती फरक पडेल, किती टिकेल, डाग पडला तर काय, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर उठून या. आणि घरातल्यांनो, बाळंतिणीच्या पोटावर शेरा मारण्याचा अधिकार तुम्हाला कुणीही दिलेला नाही.