साधनाचे औचित्य

साधन निवडताना माणूस बहुधा दोनच गोष्टी पाहतो : ते आपल्याला पेलेल काय, आणि त्याने काम साधेल काय. ज्याच्यावर ते चालणार त्याला ते कसे लागेल, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो किती दूर नेतो हे पाहण्यासाठी एक काहीसे अनोळखी उदाहरण घेऊ.

काश्मीर व हिमाचल प्रदेशातील थंड डोंगरी ओढ्यांत ट्राउट हा मासा सापडतो. तो मूळचा तिथला नव्हे. १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणवून काश्मीरमध्ये त्याची पैदास सुरू झाली. त्याला पकडण्याची एक रीत आपल्या कोकण-गोव्यातील गरवण्याहून अगदी वेगळी आहे. गळाला आमिष नसते. पिसे व दोरा बांधून केलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नसल्यामुळे दोरीच वजनदार करतात. त्या वजनाने काठी वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे फेकते. काठीवरचा क्रमांक असतो तो या दोरीच्या वजनाचा.

मोठ्या नदीवर नऊ फुटी, पाच-सहा क्रमांकाची काठी ठीक. पण ओढा आठ-दहा हात रुंद, वर फांद्यांचे छत आणि मासा वीतभर, अशा ठिकाणी लांब काठी झाडीत अडकते आणि ताठ काठी आखूड दोरीने वाकतच नाही. म्हणून तेथे साडेसहा ते साडेसात फुटांची, तीन-चार क्रमांकाची, सहज लवणारी काठी बरी.

येथवर व्यवहार झाला. पण हौशी माणूस आणखी पुढे जातो. काठी जितकी नाजूक तितकी माशाला बरोबरीची संधी, असे तो म्हणतो. ऐकायला हे उदात्त वाटते. प्रत्यक्षात अतिनाजूक काठीने मासा लवकर काठाशी आणता येत नाही. त्याची धडपड लांबते, तो पार थकतो. पाणी वीस अंशांच्या वर तापले असेल तर त्यात प्राणवायूही कमी. मग हळुवार हाताने सोडलेला मासाही पुढे मरू शकतो. संयमाचे श्रेय माणसाला आणि त्याची किंमत माशाला!

मुळात पकडावाच का, असे कोणी विचारील. खाणाऱ्याजवळ भुकेचे उत्तर आहे. खेळून सोडणाऱ्याजवळ तेवढेही नाही. योग्य काठीने हा प्रश्न सुटत नाही. मात्र पकडायचेच ठरले, तर यातना थोडक्यात आटोपण्याचे बंधन येतेच.

काश्मीरच्याच क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. साधनांनाही तोच न्याय लावावा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने छडीबरोबर मुलांच्या मानसिक छळालाही मनाई केली, ती याचसाठी महत्त्वाची. छडी टाकून देणाऱ्या शिक्षकाला आपण सौम्य झालो असे वाटते. पण त्याचा वर्गासमोरचा एक उपहास मुलाच्या मनात महिनोन्‌महिने ओढत राहतो. सौम्यता आपल्या हातात काय आहे यावरून मोजू नये. दुसऱ्या टोकाला काय चालले आहे, तिकडे पाहून ती मोजावी.