जादूच्या शाळेचा दुसरा भाग

मुदखेड जंक्शनात रुळांना तीन दिशा आहेत. एक रूळ उमरी, धर्माबाद करत बासरला जातो. नांदेड जिल्ह्यातल्या कितीतरी लेकरांनी पाटीवरचं पहिलं अक्षर तिथल्या सरस्वतीसमोर गिरवलेलं आहे. दुसरा भोकर, हिमायतनगरवरून किनवटकडे जातो आणि तिथून सडकेने माहूर गाठता येतं. नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्राला उपदेश करणाऱ्या दत्तात्रेयाचं ते ठाणं. तिसरा नांदेडचा. आज आमच्या गावची पोरं सगळ्यात जास्त जातात ती या तिसऱ्या दिशेला. सकाळच्या गाडीत पोराच्या पाठीला सॅक, मांडीवर कालच्या चाचणीचा पेपर, आणि शेजारी बाजारात न्यायच्या फुलांचं गाठोडं सांभाळत बसलेला बाप. नांदेडवर ज्यांचं भागत नाही ते लातूरला जातात.

माझी एक भाची अशीच लातूरला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीचं दुसरं वर्ष करत होती. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं म्हणून ‘ड्रॉप’ घेतलेला. दिवाळीला आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एक इंग्रजी कादंबरी होती. ‘मामा, जादूची गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका,’ ती म्हणाली, ‘आमच्या हॉस्टेलचंच लिहिलंय सगळं.’ मी ती वाचली, मग तिच्या आधीची आणि नंतरचीही वाचली.

नेओमी नोविक या अमेरिकन लेखिकेच्या ‘स्कोलोमान्स’ त्रयीतली ही दुसरी कादंबरी, ‘द लास्ट ग्रॅज्युएट’, २०२१ सालची. आधीची ‘अ डेडली एज्युकेशन’ २०२० ची, शेवटची ‘द गोल्डन एन्क्लेव्ह्ज’ २०२२ ची. स्कोलोमान्स हे नाव रोमानियातल्या लोककथेतलं. तिथे सैतान स्वतः जादू शिकवतो, दहा विद्यार्थी घेतो आणि शिक्षण संपलं की नऊ जणांना सोडून दहाव्याला फी म्हणून ठेवून घेतो. ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरनेही १८९७ साली या शाळेचा उल्लेख केला आहे.

नोविकच्या शाळेत सैतान नाही आणि मास्तरही नाहीत. पोकळीत टांगलेली एक प्रचंड इमारत, तीत चौदाव्या वर्षी आत गेलेली मुलं, आणि पाइपांतून, झरोक्यांतून, ताटातल्या अन्नातूनही येणारे जीवघेणे प्राणी. जेवणाआधी ताट तपासायचं, अंघोळीला एकट्याने जायचं नाही. चार वर्षांनी सगळ्यांना एकाच दालनातून धावत दरवाजा गाठायचा असतो आणि ते दालन राक्षसांनी भरलेलं असतं. जादूगारांच्या श्रीमंत वसाहतींतून आलेल्या मुलांकडे साठवलेली शक्ती असते, चांगली साधनं असतात. बाकीची त्यांच्या मागे-पुढे करतात, त्यांच्यासाठी पहारा देतात, एवढ्याच आशेवर की शेवटच्या दिवशी ती आपल्याला बरोबर घेतील. शक्ती मिळवायचे मार्ग दोनच. स्वतः कष्ट करायचे, म्हणजे दंडबैठका काढायच्या, विणकाम करत बसायचं. नाहीतर दुसऱ्याचा जीव शोषायचा.

नायिकेचं नाव गॅलाड्रिएल, सगळ्यांसाठी एल. आई वेल्समध्ये राहणारी, बापाचं घराणं मुंबईचं. तिला मराठी येतं, आणि आपल्या वाचकाला तेवढ्यानेही ती जवळची वाटावी. बाप त्या शेवटच्या दालनात, पोटुशा आईला वाचवताना गेला. पोरीची जन्मजात देणगी विध्वंसाची आहे. घरगुती कामाचा साधा मंत्र मागितला तरी शाळा तिला शहर बेचिराख करणारा मंत्र हातात ठेवते.

पहिल्या भागात तिला फक्त जगायचं आहे. धोक्याच्या शाळेची कुठलीही गोष्ट अशीच सुरू होते आणि अशी सुरुवात वाचकाला धरून ठेवते. अवघड असतो तो दुसरा भाग. बहुतेक लेखक तिथे आणखी मोठा राक्षस आणतात. नोविकने प्रश्न बदलला. शेवटच्या वर्षी एलच्या वाट्याला वाचनालयातला एक वर्ग येतो, सोबत पहिल्या वर्षाची आठ कच्ची पोरं. हल्ले त्याच वर्गावर होत राहतात, आणि आपली साठवलेली शक्ती खर्चून तिला ती पोरं वाचवावी लागतात. तिची चिडचिड होते, कारण या शाळेत दुसऱ्यावर शक्ती खर्च करणं म्हणजे आपला शेवटचा दिवस कठीण करणं. मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की शाळा तिला मारायला बघत नाहीये, काहीतरी मागते आहे. जगातल्या सगळ्या जादूगार मुलांना आसरा द्यायचा, हे वचन देऊन ती शाळा बांधली गेली होती. ते आजवर कुणी पुरं केलं नाही. आपण आणि आपले चार मित्र कसे सुटू, हा हिशेब एल बाजूला ठेवते आणि एकूण एक मुलाला बाहेर काढायच्या कामाला लागते.

हे वाचताना मला सारखा कच आठवत होता.

शुक्राचार्यांचा आश्रम ही आपल्याकडची धोक्याची शाळा. शत्रूच्या गोटात, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला गेलेला कच हा बृहस्पतीचा मुलगा. असुर त्याला पहिल्यांदा मारतात तेव्हा तो गुरुजींच्या गायी राखत असतो. तुकडे करून लांडग्यांना घालतात. दुसऱ्यांदा तो गुरूच्या मुलीसाठी, देवयानीसाठी रानात फुलं आणायला गेलेला असतो. दोन्ही वेळा शुक्राचार्य त्याला संजीवनीने उठवतात. तिसऱ्यांदा त्याला जाळून ती राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजतात. खाडिलकरांनी १९१३ साली ‘संगीत विद्याहरण’ लिहिलं ते याच कथेवर, आणि त्यांचा रोख मद्यपानावर होता. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) कच संयमाचा आदर्श म्हणून वावरतो. मला तो विद्यार्थी म्हणून हवा आहे, कारण त्याच्या परीक्षेइतकी विलक्षण परीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

गुरूच्या पोटात असतानाच त्याला मंत्र मिळतो. बाहेर यायचं तर गुरूचं पोट फाडून यावं लागतं, म्हणजे गुरू मरतो. कच बाहेर येतो. समोर शुक्राचार्यांचं प्रेत पडलेलं आहे, ज्या विद्येसाठी आला ती मुखोद्गत आहे, आणि मेलेला माणूस शत्रुपक्षाचा सगळ्यात मोठा आधार आहे. आता निघून गेला तर देवांनी युद्ध तिथेच जिंकलं. पण शिकलेल्या मंत्राचा पहिला प्रयोग तो गुरूला उठवण्यासाठी करतो.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती पहिल्याच भागाची झाली असती. पुढे देवयानी लग्नाचं विचारते, तो नाकारतो, आणि ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्यांना शिकवीन त्यांना फळेल. मरणाशी तीनदा गाठ पडून, एवढी वर्षं घालवून मिळवलेली विद्या, आणि ती स्वतःसाठी वापरता येत नाही, फक्त दुसऱ्याला देता येते. शाप म्हणून आलेली ही अट मला विद्येच्या मूळ स्वभावाच्या फार जवळची वाटते.

दुसरी गोष्ट पोथीतली. श्रावणात आमच्याकडे घरोघर ‘नवनाथ भक्तिसार’ लागतो. मालू कवीचा हा ग्रंथ १८१९ सालचा, अध्याय चाळीस. चौरंगावर पोथी, समोर समई, आणि वाचणाऱ्याच्या आवाजात मध्येच जाणवणारी भीती, कारण यात भुतं, वेताळ, अस्त्रं, स्त्रीराज्य सगळं आहे; मराठीतली ही थोरली अद्भुत कादंबरीच आहे. तीत गोरख अजून शिकणारा पोरगा असताना एके ठिकाणी बसून संजीवनी मंत्र पाठ करतो आहे. गावातली पोरं येतात, चिखलाची गाडी करून दे म्हणतात, मग गाडीवान कर म्हणतात. तोंडाने मंत्र चालू, हाताने चिखल मळणं चालू. चिखलाच्या बाहुल्यात जीव येतो. ते रडू लागतं, आणि पोरं भूत भूत करत पळतात. गोरखही घाबरतो.

अभ्यास करता करता झालेली ही चूक. कडक मास्तर असता तर बाहुलं मोडायला लावलं असतं. गोरखचे गुरू मच्छिंद्रनाथ ते मूल उचलून घेतात आणि एका जोडप्याच्या पदरात वाढवायला देतात. तोच पुढे गहिनीनाथ. गहिनीनाथांनी त्र्यंबकेश्वरी निवृत्तीला उपदेश केला, निवृत्तीने ज्ञानदेवाला, आणि १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात ही परंपरा सांगताना गहिनीनाथांची निवृत्तीला झालेली आज्ञाही सांगितली आहे: कलीने ग्रासलेल्या जीवांना सोडव. गुहेतली गुप्त विद्या बाहेर आली, बाजारातल्या माणसाच्या भाषेत आली. एलने तिच्या शाळेत जे ठरवलं, त्याच जातीचा हा निर्णय आहे असं मी मानतो.

आता लातूर.

राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला. त्या पॅटर्नमध्ये गूढ काही नव्हतं. प्राध्यापक कॉलेजच्या वेळेच्या आधी आणि नंतर शिकवत, पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेत, तपासून चूक कुठे झाली ते पोराला समोर बसवून दाखवत. पुण्या-मुंबईच्या पोरांना जे घरातून, शाळेतून आपोआप मिळत होतं, ते मराठवाड्याच्या पोरांना कष्टाने मिळवून द्यायचा तो प्रयत्न होता. वसाहतीबाहेरच्या पोरांना दालन पार करून न्यायचं, हाच त्याचा अर्थ होता, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या, एसटी कंडक्टरच्या घरात पहिला डॉक्टर झाला तो त्यातून.

लातूरच्या गोष्टीचाही दुसरा भाग आला, आणि तो फार वेगळ्या वळणाने गेला. कॉलेजातलं शिकवणं क्लासमध्ये गेलं. दर चाचणीनंतर मुलांच्या बॅचेस बदलतात. वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला उरलेले. भाचीने मला तिच्या वर्गाची बैठकव्यवस्था वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली. पहिल्या दोन बाकांवर ज्यांचे फोटो पुढे फ्लेक्सवर लागायचे आहेत ती मुलं, आणि शेवटच्या चार रांगा, ज्यांच्या फीवर सगळं चालतं त्यांच्या. ‘सर प्रश्न पुढच्यांनाच विचारतात,’ ती म्हणाली. ‘मागच्यांनी शंका विचारली की सगळे घड्याळाकडे बघतात.’ खोलीतल्या मैत्रिणीला नोट्स द्यायच्या की नाही, याचाही विचार करावा लागतो, कारण तिची रँक वर गेली की आपली खाली येते.

२०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा देशात एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे विसातली एकोणीस मुलं दालनात राहणार, हे आत शिरतानाच ठरलेलं. रोमानियातला सैतान दहात एक ठेवून घेत होता. त्याच वर्षी पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, तेव्हा दुसऱ्याच्या जिवावर शक्ती मिळवायचा मार्गही कादंबरीबाहेर कसा दिसतो ते आम्ही पाहिलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. प्रत्येक आकड्यामागे क्लासच असतो असं नाही. पण कुठलीही शाळा चालवणाऱ्या समाजाने हा आकडा वाचून पान उलटू नये.

कुणी म्हणेल, गंभीर प्रश्नासाठी जादूची गोष्ट कशाला? शिवाय ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे मंत्रतंत्राचं कौतुक का? मी दाभोलकरांच्या बाजूचा माणूस आहे. बुवा सांगतो की हे खरं आहे, पैसे टाक. कादंबरीकार पहिल्याच पानावर कबूल करतो की हे रचलेलं आहे. बुवाबाजी भीतीवर पोसते, आणि अशी गोष्ट भीतीला आकार देऊन पोराच्या हातात ठेवते, तिच्याकडे बघता यावं म्हणून. माझ्या भाचीला हॉस्टेलमध्ये काय होतंय ते दोन वर्षं आईला सांगता आलं नव्हतं. राक्षसांची गोष्ट सांगता सांगता तिने ते स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि आईने हातातलं लाटणं खाली ठेवून ऐकलं.

मराठीत अशी गोष्ट कुणी लिहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी भयकथेत मोठं काम केलं, पण त्यांचं भय बहुधा वाडा, फ्लॅट, मोठ्यांचे संसार यांत वावरतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला विद्याभवन शाळा होती, ती मात्र प्रेमाची, उजेडाची शाळा. सतरा वर्षांच्या, घरापासून लांब, चार कॉटच्या खोलीत राहणाऱ्या मुलीसाठी काळोखी अद्भुत कादंबरी आपल्याकडे नाही, आणि तिला ती वेल्सच्या मुलीच्या तोंडून इंग्रजीत वाचावी लागते. सामग्री कमी आहे का? बासरला गिरवलेलं अक्षर, माहूरच्या डोंगरातले नाथ, पोटातून शिकून बाहेर आलेला कच, चिखलाला जीव देऊन घाबरलेला गोरख, आणि रँकप्रमाणे लावलेले बाक. लिहिणाऱ्याने फक्त पहिल्या भागावर थांबू नये. नायिकेचा नंबर लागला आणि गावात तिचा फ्लेक्स झळकला, इथे कादंबरी संपवणं सोपं आहे. तिने मागच्या चार रांगांचं काय केलं, ते लिहायला हवं.

भाचीला त्या वर्षी एमबीबीएस मिळालं नाही. आता ती नांदेडला बी.एस्सी. करते आणि संध्याकाळी शेजारच्या अकरावीच्या तीन मुलींना जीवशास्त्र शिकवते. पैसे घेत नाही म्हणून तिची आई कुरकुरते. परवा त्यातल्या एकीच्या पेपरात आनुवंशिकतेचा प्रश्न चुकला होता, तर ही तास-दीड तास तिच्याजवळ बसून वाटाण्याचे तक्ते काढत होती.