भूमीचे दान आणि भूमीची अट

हिब्रू धर्मग्रंथातील ‘यहोशवा’ आणि ‘शास्ते’ हे दोन ग्रंथ मोशेच्या मृत्यूनंतर इस्राएलाच्या बारा वंशांनी कनान देशात कसे पाय रोवले, याची हकीकत सांगतात. पहिल्या ग्रंथात मोशेचा वारसदार यहोशवा लोकांना यार्देन नदीपलीकडे नेतो, नगरे जिंकतो आणि चिठ्ठ्या टाकून भूमी वंशावंशांत वाटून देतो. दुसऱ्यात राजेशाहीपूर्वीच्या काळातील शास्त्यांच्या, म्हणजे संकटसमयी पुढे येऊन लढाईचे आणि न्यायनिवाड्याचे काम अंगावर घेणाऱ्या दबोरा, गिदोन, शमशोन अशा नेत्यांच्या कथा येतात. ख्रिस्ती परंपरेने या ग्रंथांची गणना ऐतिहासिक ग्रंथांत केली. यहुदी परंपरेत मात्र ते ‘पूर्वीचे संदेष्टे’ या विभागात मोडतात, आणि संदेष्ट्याचे मुख्य काम समाजाला त्याच्या वर्तनाचा जाब विचारणे हे असल्यामुळे, या ग्रंथांकडे विजयगाथा म्हणून पाहावे की इशारा म्हणून, हा प्रश्न त्यांच्या स्थानापासूनच सुरू होतो.

दोन्ही ग्रंथ लागोपाठ वाचले की त्यांतील विसंगती लपत नाहीत. ‘यहोशवा’च्या अकराव्या अध्यायाच्या अखेरीस सगळा देश हाती आल्याचे सांगितले जाते, तर तेराव्याच्या आरंभीच पुष्कळ भूमी घ्यायची राहिली असल्याचे स्वतः परमेश्वर वृद्ध यहोशवाला सुनावतो. यरुशलेमच्या राजाचा वध होऊनही तेथील यबूसी लोकांना यहूदा वंश हुसकावू शकत नाही. ‘शास्ते’च्या पहिल्या अध्यायात यहूदा ते नगर जाळतो आणि त्याच अध्यायात बन्यामीन वंश यबूसी लोकांच्या शेजारी राहत असल्याची नोंद येते. यहोशवाने जाळलेल्या हासोरचा राजा याबीन मारला जातो, तरी त्याच नावाचा राजा दबोरेच्या काळी पुन्हा हासोरवर राज्य करताना दिसतो. संकलकांना हे ताण सहज पुसून टाकता आले असते. त्यांनी ते राहू दिले, कारण संपूर्ण विजयाचा दावा आणि अपुऱ्या वसाहतीची कबुली या दोहोंची त्यांना गरज होती.

विसाव्या शतकातील उत्खननांनी हा प्रश्न ग्रंथाबाहेर नेला. यरीहोची कोसळलेली तटबंदी यहोशवाच्या काळातील असल्याचे जॉन गारस्टँग यांनी 1930च्या दशकात मांडले होते, परंतु 1952 ते 1958 या काळात तेथे खोदकाम करणाऱ्या कॅथलीन केन्यन यांनी तो विनाश इ.स.पू. 1550च्या सुमाराचा, म्हणजे यहोशवाचा काळ जेथे सामान्यतः धरला जातो त्या तेराव्या शतकाच्या कितीतरी आधीचा ठरवला. यहोशवाने जिंकलेले आय हे नगर ज्या ठिकाणी होते असे बहुतेक अभ्यासक मानतात, ते एत-तेल हजाराहून अधिक वर्षे ओस पडलेले आढळले. उलट हासोर तेराव्या शतकात भीषण आगीत नष्ट झाल्याचे निश्चित दिसते. या प्रश्नावर विल्यम ऑलब्राइट यांच्या सैनिकी विजयाच्या सिद्धांताशेजारी आल्ब्रेख्ट आल्ट यांनी 1925 साली मांडलेला पशुपालक टोळ्यांच्या शांततामय शिरकावाचा आणि जॉर्ज मेंडेनहॉल यांनी 1962 साली पुढे आणलेला कनानी शेतकऱ्यांच्या बंडाचा सिद्धांत उभे राहिले. पुढे मध्यवर्ती डोंगराळ भागाच्या पाहण्यांत इ.स.पू. 1200 नंतरची, तटबंदी नसलेली शेकडो लहान खेडी सापडल्यावर, इस्राएलाचा मोठा भाग कनानातूनच उदयाला आला असावा, या मताला बळ मिळाले.

हे ग्रंथ घडले तो काळ त्यांत वर्णिलेल्या काळापासून फार दूरचा आहे. मार्टिन नोट यांनी 1943 साली असे प्रतिपादन केले की, ‘अनुवाद’ या ग्रंथापासून ‘राजे’ या ग्रंथांपर्यंतचा इतिहास एकाच विचारसूत्राने रचलेला असून त्याची जुळणी इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतर झाली. इतर अभ्यासक त्याची पहिली आवृत्ती त्यापूर्वीच्या योशीया राजाच्या सुधारणांच्या काळात नेतात. नोट यांचे मत ग्राह्य धरले, तर भूमी मिळाल्याची ही कथा भूमी गमावलेल्यांनी सांगितलेली ठरते, आणि तिचा गाभा ‘ही भूमी आमची का’ यापेक्षा ‘ती आमच्या हातून का गेली’ या प्रश्नात सापडतो. ‘यहोशवा’च्या अखेरीस शखेम येथील सभेत लोकांना आठवण करून दिली जाते ती पराक्रमाची नव्हे, तर न राबता मिळालेल्या शेतांची आणि इतरांनी बांधलेल्या नगरांची. म्हणजे भूमी हे दान आहे आणि त्याला निष्ठेची अट जोडलेली आहे.

या वाचनापुढील सर्वांत मोठा अडथळा ‘हेरेम’चा आहे. जिंकलेले नगर माणसांसकट देवाला वाहून नष्ट करण्याच्या या प्रथेचा उल्लेख मवाबचा राजा मेशा याच्या इ.स.पू. नवव्या शतकातील शिलालेखातही येतो, जेथे इस्राएलाच्या ताब्यातील नबो घेऊन तेथील लोक आपल्या देवाला अर्पण केल्याची बढाई आहे. मेशा इस्राएलाचा कायमचा नाश झाल्याचे सांगतो, आणि त्यापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह यानेही, इस्राएल हे नाव ज्यात प्रथम आढळते त्या लेखात, तेच सांगितले होते; दोन्ही दावे खोटे ठरले, यावरून संपूर्ण संहाराची भाषा ही त्या प्रदेशातील राजांची नेहमीची लेखनशैली होती, हे उघड होते. मात्र शैलीचा खुलासा नैतिक प्रश्न मिटवत नाही, कारण वाचणारा आज्ञा शब्दशः घेऊ शकतो.

ग्रंथ मात्र स्वतःच त्या आज्ञेला सरळ रेषेत चालू देत नाहीत. यरीहोची राहाब ही कनानी स्त्री वाचते आणि यहूदा वंशातील आखान लुटीच्या लोभापायी मारला जातो, म्हणजे आतला आणि बाहेरचा ही विभागणी आरंभीच डळमळते. ‘शास्ते’च्या अखेरीस तर आय जिंकताना वापरलेलीच युक्ती, म्हणजे खोटी माघार, दबा धरून बसलेली तुकडी आणि नगरातून उठणारा धूर, गिबा येथे बन्यामीनच्या वंशजांविरुद्ध वापरली जाते आणि याबेश-गिलाद या आपल्याच लोकांच्या नगरावर हेरेम लादला जातो. परक्यांवर चालवलेले शस्त्र दोन ग्रंथांच्या अंतराने स्वकीयांवर उलटते, आणि ही रचना योगायोगाची मानणे कठीण आहे.

पुढील वाचकांनी मात्र बहुधा पहिलाच अर्धा भाग उचलला. उत्तर अमेरिकेत उतरलेल्या इंग्रज प्युरिटनांनी आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर वसाहतवाल्यांनी स्वतःला इस्राएल आणि मूळ रहिवाशांना कनानी मानले. एडवर्ड सैद यांनी 1986 साली मायकल वॉल्झर यांच्या पुस्तकाला उत्तर देताना, मुक्तीची ही कथा कनानी माणसाच्या बाजूने वाचल्यास कशी दिसते, असा प्रश्न विचारला. यहुदी धर्मशास्त्र्यांनी ही वाट फार पूर्वी रोखली होती: अश्शूरच्या सन्हेरीबाने राष्ट्रांची सरमिसळ केल्यामुळे ते प्राचीन समाज आता ओळखता येत नाहीत, असे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात म्हटले आहे, आणि बाराव्या शतकात मायमोनिदीझने कनानातील त्या सात राष्ट्रांची आठवणही उरली नसल्याचे नोंदवले, अशा रीतीने आज्ञा ग्रंथात राहिली, पण तिला लागू होणारा कोणी उरला नाही.

म्हणून ‘यहोशवा’ एकटा वाचणारा सनद शोधतो, तर ‘शास्ते’ आणि पुढील ‘राजे’ यांसह वाचणाऱ्यापुढे हिशेब येतो. या ग्रंथांच्या आधारे भूमीवर हक्क सांगणाऱ्याने, त्याच ग्रंथांनी भूमी गमावण्याची जी कारणे दिली आहेत त्यांनाही उत्तर देणे भाग आहे, कारण संकलकांनी दान आणि अट एकाच कथेत गुंफली असून एक उचलून दुसरी सोडण्याची मुभा त्यांनी कोणालाही दिलेली नाही.