शंका आणि संशय

मराठीत दोन शब्द अगदी शेजारी राहतात आणि वरवर पाहता सख्खी भावंडे वाटतात : शंका आणि संशय. पण त्यांचे स्वभाव निराळे. शंका विचारतात, संशय घेतात. शंका चारचौघांत बोलता येते आणि तिला उत्तर मिळू शकते. संशय मनातल्या मनात वाढतो. उत्तराची तो वाटच पाहत नाही. दुसऱ्याचा घेतला तर मैत्री जाते. स्वतःचाच घेतला तर काय काय जाते, याचा हिशेब मात्र फारसे कोणी मांडत नाही.

माझा भाचा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, कॅल्क्युलस माझ्या डोक्यात शिरतच नाही. कॉलेज सोडावं म्हणतो." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. त्याला गणित काय शिकवणार? मी म्हटले, "नेमकं काय कळत नाही, तेवढं मला सांग."

त्याने कागद ओढला. वरून सोडलेला दगड एक सेकंद झाल्याच्या नेमक्या क्षणी किती वेगाने पडत असतो? पुढच्या दशांश सेकंदातला सरासरी वेग सुमारे १०.५ मीटर, शतांश सेकंदातला १०.०५, सहस्रांशातला १०.००५. म्हणून त्या क्षणीचा वेग १०. "पण मामा, अंतराला वेळाने भागताना तो वेळ शून्य नाही म्हणायचं, आणि भागून झालं की तोच शून्य धरून पुसून टाकायचा! मग तो शून्य आहे की नाही? सगळ्यांना कळतं, मलाच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून गणिताच्या इतिहासाचे पुस्तक आणले, आणि वाचता वाचता मला मौज वाटू लागली. न्यूटनने ही रीत १६६५-६६ च्या सुमारास शोधली. लायब्निट्सने आपली १६८४ मध्ये छापली. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या तत्त्वज्ञ बिशपने नेमका माझ्या भाच्याचाच प्रश्न विचारून गणितज्ञांची खिल्ली उडवली! पक्के उत्तर सापडायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८२१ मध्ये फ्रान्सच्या कोशीने 'सीमे'ची कल्पना पायाशी घातली आणि जर्मनीच्या व्हायरश्ट्रासने ती काटेकोर केली. वेळ शून्य करायचाच नाही. तो पुरेसा लहान घेतला की सरासरी वेग दहाच्या हवा तितका जवळ आणता येतो, एवढेच म्हणायचे. हा व्हायरश्ट्रास पदवी न घेताच विद्यापीठातून परतला होता आणि बर्लिनला प्राध्यापक होण्यापूर्वी वर्षानुवर्षे शाळामास्तर होता. मुलांना हस्ताक्षर आणि कसरतही शिकवी. हे वाचून मला झालेला आनंद वाचकांनी क्षम्य मानावा.

म्हणजे भाच्याला पडली होती ती चांगली, कुलीन शंका. तिचे तोंड विषयाकडे असायला हवे होते. त्याने ते स्वतःकडे फिरवले आणि शंकेचा संशय झाला. 'मला काही येत नाही' या वाक्यात नम्रता दिसते खरी, पण थोडी सोयही असते. एकदा निकाल लावून टाकला की पुढचे कष्ट वाचतात! 'मला ही पायरी कळली नाही' हे म्हणणे त्याहून अवघड, कारण त्यानंतर उत्तर ऐकावे लागते.

तू मोठा गणिती होशील, असे मी त्याला सांगितले नाही. प्रत्येकाला प्रत्येक विषय येतोच, असे नाही. पण तो निकाल शंका विचारून झाल्यावरचा, आधीचा नव्हे. त्याने परत जाऊन वर्गात तो प्रश्न विचारला, तेव्हा 'आम्हालाही तेच विचारायचं होतं' म्हणणारे तिघे निघाले. 'सगळ्यांना कळतं' यातले 'सगळे' बहुधा असेच असतात : आपापला संशय झाकून गप्प बसलेले.

या दिवाळीत आपल्या घरीही कॉलेजातली मुले आली असतील. चकलीची बशी पुढे करताना त्यांना मार्क विचारू नयेत. कुठे अडले आहे, ते विचारावे. आणि आपल्याला कळले नाही तरी शेवटपर्यंत ऐकावे.