खाडा आणि पहारा

बीड जिल्ह्याच्या शिरूर, पाटोदा, धारूर या डोंगराळ तालुक्यांतील गावे दिवाळीनंतर ओस पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या माणसांनी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांचा ऊस पाच-सहा महिने टोळीने तोडला, तीच माणसे परतल्यावर मारुतीच्या देवळापुढे मांडव घालून अखंड हरिनाम सप्ताह मांडतात, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

टोळीत मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. मोजणीचे एकक ‘कोयता’, म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. पुरुष बुडख्याशी वाकून तोडतो, बाई पाचट सोलून मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. हातांचा इतका तंतोतंत मेळ मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. पण दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याला दंड. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये ही विवंचना या शस्त्रक्रियांच्या कारणांत वारंवार सांगितली गेली. मेळ तर तेथे पुरता होता. मग उणे काय होते?

सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. अशाच एका मांडवात पहाटे तीनच्या सुमारास मी बसलो होतो. वृद्ध वीणेकरी उभा, दोन टाळकरी पेंगुळलेले, आणि पुढच्या पहाऱ्याचा गडी आलेला नाही. अखेर तो ओल्या पायांनी धावत आला, म्हाताऱ्याच्या पाया पडला, म्हाताराही वाकून त्याच्या पाया पडला, आणि नामाचा खंड न पडता वीणेचा पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला. दंड नाही, हजेरीही नाही, मग झोप मोडून का आलास, असे नंतर विचारले, तर तो म्हणाला, “बाबा उभेच असतील की!”

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगून कर्त्याला त्यांतील केवळ एक स्थान दिले आहे. अद्वैत सांगणाऱ्या कवी मुकुंदराजांची समाधी ज्या आंबेजोगाईच्या परिसरात आहे, त्या मुलखाला अद्वैताची ओळख नव्याने करून द्यावयास नको. तरीही कर्तेपण ब्रह्मात विरते म्हणजे काय, हे मला ग्रंथांतून कधी नीट उमगले नाही, त्या पट्ट्याच्या हस्तांतरात थोडेसे उमगले. मुकादमाची वहीही माणसाचे कर्तेपण घेतेच; ती त्याला हत्याराचे नाव देते. मांडवात तो ते आपण होऊन उतरवतो, आणि समोर ते घेणारा, ओळखीचा, ताटकळत ठेवू नये असा कोणी असतो.

सप्ताह म्हणजे निखळ सात्त्विकता, असे मात्र कोणी समजू नये; काल्याच्या कीर्तनाला कोणा महाराजांना बोलवायचे यावरून भावकी दुभंगल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. उलट उसाच्या फडातही अंग दुखणाऱ्या बाईच्या वाटणीच्या मोळ्या शेजारच्या कोयत्याची बाई न बोलता बांधून टाकते, आणि मुकादमाच्या वहीत त्या दिवशी खाडा दिसत नाही.