डाव्या पायाचें काम

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमची पंधरा वर्षांची जुनी मोटार बदलण्याचा प्रसंग आला, आणि दुकानांतील तरुण गृहस्थानें पहिलाच प्रश्न केला तो असा कीं, 'मॅन्युअल दाखवूं, कीं ऑटोमॅटिक?' प्रश्न व्यापाराचा होता. उत्तर एका शब्दांत देतां आलें असतें. परंतु आम्हांस तें देतां येईना, आणि कां देतां येईना याचा विचार करूं लागलों तेव्हां असें आढळून आलें कीं, ज्यास आम्ही सोयीचा प्रश्न समजत होतों तो वस्तुतः आमच्या अभिमानाचा प्रश्न आहे.

यंत्राची गोष्ट थोडक्यांत सांगितली पाहिजे. पेट्रोलचें इंजिन मंद फिरत असतां फारच थोडा जोर देतें. उभी गाडी हलवावयाची तर इंजिनाचे अनेक फेरे आणि चाकाचा एक फेरा असें प्रमाण लागतें. वेग आल्यावर तें प्रमाण कमी करावें लागतें. हें प्रमाण बदलणारीं दांतेरी चक्रें म्हणजे गिअर, आणि तीं बदलतांना इंजिनाचा व चाकांचा संबंध क्षणभर तोडणारी योजना म्हणजे क्लच. क्लच डाव्या पायाचा. कोथरूडहून डेक्कनकडे जातांना हा पाय किती वेळां खालीं जातो हें आम्हीं एके सकाळीं मोजलें. नळस्टॉप येण्यापूर्वींच साठाचा आंकडा ओलांडला, आणि पुढें मोजण्याचा कंटाळा आला. आमच्या डाव्या गुडघ्यानें मात्र तो हिशेब पूर्ण ठेवला असावा, असें सायंकाळीं जिना चढतांना वाटतें.

येथें कोणी म्हणेल कीं, याच रस्त्यावरून २०२२ च्या मार्चपासून मेट्रो धांवते, मग हा वाद हवाच कशाला? आक्षेप बिनतोड आहे. पण मनुष्य बहुधा सर्वांत श्रेष्ठ मार्ग सोडून दिल्यावरच उरलेल्या दोहोंपैकीं बरा कोणता याचा सूक्ष्म विचार करीत बसतो, आणि आम्ही त्यास अपवाद नाहीं.

आमच्या मित्रमंडळींत मॅन्युअलचा पक्ष प्रबळ आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, जो गिअर बदलतो तो गाडी चालवितो. दुसरा नुसता बसलेला असतो. एका विद्वान स्नेह्यांनीं कठोपनिषदांतील रथाचें रूपक पुढें केलें. शरीर हा रथ, इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धि हा सारथि. लगामच यंत्राच्या हातीं दिला तर सारथ्यास काय उरलें? रूपक भव्य आहे, परंतु तें येथें लागू पडतें काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. कोठें वळावें, कोठें थांबावें, आडव्या आलेल्या शाळकरी मुलास जाऊं द्यावें कीं नाहीं, हें ठरविणें सारथ्याचें काम. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यांत जाणें हें त्याच्या कामाचें सार आहे असें उपनिषत्कारांस वाटलें असतें, असें दिसत नाहीं.

शिवाय इतिहास या पक्षाच्या विरुद्ध जातो. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत विजेचा स्टार्टर आला, तोंपर्यंत पुढें उभें राहून हँडल फिरविल्याखेरीज गाडी सुरू होत नसे, आणि तें हँडल उलटून पुष्कळांचीं मनगटें मोडत. १९२८ सालीं त्याच गाडींत सिंक्रोमेश आला; त्यापूर्वीं गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबून इंजिनाचा वेग कानानें जुळवावा लागे. आज मॅन्युअलचा अभिमान सांगणाऱ्या आमच्या मित्रांपैकीं एकासही ती विद्या येत नाहीं, आणि त्याची त्यांस खंतही नाहीं. १९३९ सालीं जनरल मोटर्सनें पुढील वर्षाच्या ओल्डस्मोबिल गाडीसाठीं 'हायड्रामॅटिक' पुढें आणला, तेव्हां क्लचचा पायच नाहींसा झाला. प्रत्येक पिढी स्वतः शिकलेल्या श्रमालाच पुरुषार्थाची सीमा समजते. त्याअलीकडचा श्रम तिला रानटीपणा वाटतो व त्यापलीकडची सोय आळस वाटते.

आणखी एक गोष्ट सूक्ष्मपणें पाहण्याजोगी आहे. मुरलेला चालक गिअर बदलतो तेव्हां तो विचार करीत असतो काय? मुळींच नाहीं. आम्ही कॉलेजच्या फाटकाशीं पोंचतों तेव्हां वाटेंत किती वेळां गिअर बदलला हें आम्हांस आठवत नाहीं. म्हणजे आमची गाडी मॅन्युअल असली तरी आम्ही स्वतः ऑटोमॅटिकच आहों. अलीकडील स्वस्त स्वयंचलित गाड्यांत तर गिअरची पेटी तीच जुनी असते. केवळ क्लच दाबण्याचें व दांडा हलविण्याचें काम एक यांत्रिक हात करतो, आणि त्याबद्दल सुमारें अर्धा लाख रुपये अधिक घेतो. भेद इतकाच कीं, संवय एका ठिकाणीं मज्जातंतूंत सांठविलेली आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं बॉनेटखालीं.

हा 'इतकाच' मात्र अगदींच लहान नाहीं. मज्जातंतूंतील संवय आम्हीं कष्टानें मिळविली, म्हणून तिच्यामागचें कारण आम्हांस ठाऊक आहे. बॉनेटखालची विकत मिळते, आणि कारण दुकानांतच राहतें. घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेविली म्हणजे इंजिनच तिला मागें ओढून धरतें व ब्रेक तापत नाहींत. स्वयंचलित गाडींतही ही सोय असते. परंतु ज्यानें गिअर कधीं जाणलाच नाहीं तो ब्रेकवर पाय ठेवूनच सारा घाट उतरतो, आणि तळाशीं जळका वास कां येतो याचें नवल करतो. आणि मोकळें झालेलें लक्ष कोठें जातें, हाही प्रश्न आहेच. तें रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसाकडे गेलें तर लाभच झाला. परंतु सिग्नलपाशीं आजूबाजूस पाहावें, तर तें बहुधा मांडीवरील मोबाइलकडे गेलेलें असतें.

येथवर आमचा विचार बराच निःपक्षपाती चालला होता. तो बिघडला घरीं. आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, 'ऑटोमॅटिक घेतली तर मला चालवितां येईल का?' प्रश्न साधा होता, परंतु त्यामागें १९९८ साल उभें होतें. त्या वर्षीं आम्हीं त्यांस आमच्या वडिलांच्या जुन्या फियाटवर गाडी शिकविण्याचा उपक्रम आरंभिला होता. चढावर गाडी चार वेळां बंद पडली, मागें रिक्षावाले ओरडूं लागले, आणि त्यांच्याहूनही मोठ्यानें आम्ही ओरडलों. क्लच हळू सोडा, म्हणजे काय, हें आम्हीं सांगितलें नाहीं. तें आपोआप कळावयास हवें अशी आमची समजूत होती. सातव्या दिवशीं त्यांनीं किल्ली टेबलावर ठेविली. त्यानंतर सव्वीसांहून अधिक वर्षें माहेरीं जावयाचें, दवाखान्यांत जावयाचें, मुलीस क्लासला सोडावयाचें, तर त्यांस आमची सवड पाहावी लागली. आणि आम्ही त्यांस हवें तेथें नेऊन सोडतों याचें आम्हांस कौतुकच वाटत आलें. ज्या कौशल्याच्या बाजूनें आम्ही उपनिषदापर्यंत वाद घालीत होतों, तें आमच्या घरांत इतकीं वर्षें कुंपणाचें काम करीत होतें, हें ध्यानांत यावयास गुडघा दुखावा लागला.

गाडी ऑटोमॅटिक घेतली. सौभाग्यवती एका बाईंच्या मोटार-शाळेंत शिकल्या. आम्हांस बरोबर येण्याची मनाई होती. गेल्या महिन्यांत ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरतांना चक्र त्यांच्या हातीं होतें. उतार सुरू झाला तसा आमचा डावा पाय पायघडीवर दाबूं लागला, आणि आम्हीं शक्य तितक्या हलक्या आवाजांत सांगितलें कीं, दांडा डावीकडे घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्यें आणावी, म्हणजे इंजिन तिला धरून ठेवील. कसें, तेंही सांगितलें. त्यांनीं तसें केलें. इंजिनाचा आवाज चढला, गाडी शांतपणें उतरूं लागली. दोन वळणें झाल्यावर रस्त्यावरची नजर न काढतां त्या म्हणाल्या, 'अहो, हें अठ्ठ्याण्णव सालीं असें सांगितलें असतेंत तर?'

पुढून एस. टी. येत होती. त्यांनीं गाडी कडेला घेतली आणि तिला वाट दिली.