बाळंतिणीची जाग

बाळंतपणाला तीन-चार दिवस झालेले असतात. बाळंतीण झोपत नाही. बाळ रडतं म्हणून नव्हे. ते शांत झोपलेलं असतानाही तिला झोपेची गरजच वाटत नाही. ती भराभर बोलते. हे बाळ साधं नाही, देवाचा अंश आहे, असं सांगते आणि तासाभरात त्याच बाळाला घाबरू लागते. घरातले आधी म्हणतात, दमली आहे. मग कुणीतरी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलंय. मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात, आणि मनोविकारतज्ज्ञ गाठायचे मोलाचे दोन दिवस हातचे जातात.

असा तीव्र आजार हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा बायपोलर आजार असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र साधारण पाचांतल्या एकीला. हा फरक कुठून येतो, या प्रश्नाने मला या विषयाकडे आणलं.

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला दम्याची गोळी नाहीतर जिममधली इंजेक्शनं आठवतात. पण इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल हीसुद्धा स्टेरॉइडच. आपलं शरीर ती कोलेस्टेरॉलपासून स्वतः घडवतं. गरोदरपणात पहिल्या दोन्हींचा मोठा पुरवठा वारेतून होतो. वार पडली की तो पुरवठा तुटतो आणि काही दिवसांत रक्तातली पातळी कोसळते. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं अॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या यंत्रणेला बळ देतं. तेही त्याबरोबर ओसरतं. त्यात जागरणाची भर, आणि बायपोलरमध्ये मोडलेली झोप उन्मादाला किती सहज वाट करून देते, हे घरात हा आजार पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पण ही घसरण तर प्रत्येक बाळंतिणीच्या शरीरात होते. मग आजार मोजक्याच जणींना का? अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग इथे मला फार महत्त्वाचा वाटतो. गरोदर नसलेल्या 16 स्त्रियांना हार्मोन देऊन गरोदरपणासारखी स्थिती निर्माण केली गेली आणि मग त्यांच्या नकळत ती हार्मोन काढून घेतली गेली. पूर्वी प्रसूतीनंतरचं नैराश्य अनुभवलेल्या आठजणींपैकी पाचजणींचं मन पुन्हा ढासळलं. तसा इतिहास नसलेल्या आठजणींपैकी एकीचंही नाही. प्रयोग नैराश्याचा होता, बायपोलरचा नव्हे, आणि तो लहानही होता. तरी हार्मोनचा चढउतार सारखाच असताना त्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद वेगळा असू शकतो, हे त्यातून स्पष्ट दिसलं.

कॉर्टिसॉलची गोष्टही याच दिशेने जाते. 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसॉलचंच भावंड असलेलं कॉर्टिझोन दिलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. पण लवकरच दिसलं, की या औषधाने काहींना झोप नकोशी होते, काही अकारण आनंदाने उधाणतात, तर काही भ्रमात जातात. बोस्टनच्या 1972 च्या पाहणीत दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांना मानसिक त्रास झाला, 80 च्या वर घेणाऱ्यांपैकी 18.4 टक्क्यांना. मात्रा वाढली तसा धोका वाढला, हे खरं. पण सर्वांत मोठ्या मात्रेतही दर पाचांतले चारजण ठीक राहिले.

बायपोलर रुग्णांत कॉर्टिसॉल सरासरीने जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. पण सरासरीवरून समोरच्या माणसाचं निदान होत नाही. 1980 च्या दशकात डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड देऊन कॉर्टिसॉल दबतं का, हे पाहणाऱ्या चाचणीकडून तीव्र नैराश्याच्या निदानाची मोठी आशा होती. इतर आजारांतही ती सकारात्मक येऊ लागली आणि आशा विरली. म्हणून ‘हार्मोनची तपासणी करा, बायपोलरचं मूळ सापडेल’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर पैसे घालू नका.

रक्ताच्या अहवालापेक्षा इथे एक साधा प्रश्न अधिक सांगून जातो: तुम्हाला किंवा तुमच्या आई-बहिणीला असा मनाचा आजार कधी झाला होता का? गरोदरपणाची नोंदणी करताना रक्तगट विचारतात, साखर तपासतात. हा प्रश्न बहुधा राहून जातो. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडची मोठी मात्रा सुरू करतानाही तो राहतो. आणि घरचे आपणहून सांगत नाहीत, कारण सासरी कळलं तर काय, ही धास्ती असते. ती धास्ती मी समजू शकतो. पण तिची किंमत बाळंतीण मोजते आणि कधीकधी बाळही.

2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत, गरोदरपणात औषधाविना राहिलेल्या बायपोलर स्त्रियांपैकी 66 टक्के जणींचा आजार बाळंतपणानंतर उलटला. औषध चालू असलेल्यांमध्ये हे प्रमाण 23 टक्के होतं. सगळीच औषधं गरोदरपणात चालत नाहीत, व्हॅलप्रोएट तर टाळायलाच हवं. म्हणूनच दिवस राहण्याआधी मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलून घ्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं आणि बाळंतिणीला झोपू द्यावं. ती झोपेविनाच ताजीतवानी दिसू लागली, तर सकाळची वाट न पाहता तिला रुग्णालयात न्या.